पिवळ्या दोऱ्याचा आठवडा

"पयले किराया सांगा," कारभारी खाटेवरून म्हणाला. "मंग बसतो."

बोलताना त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ते त्याने उपरण्याच्या टोकाने पुसलं आणि तलाठ्याकडे पाहत राहिला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा पडला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी गोठ्यातला भिजलेला कडबा हलवताना त्याला घोणस चावली होती.

दाभेखेडच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स प्रेरणा एकटीच होती. सापाच्या विषावरचं औषध मोताळ्याच्या दवाखान्यात होतं, आणि मोताळ्याच्या वाटेवरचा पूल कालपासून नळगंगेच्या पाण्याखाली होता. गावाच्या दुसऱ्या अंगाला नाला. तोही भरून वाहत होता. जिल्ह्यातल्या होड्या नांदुऱ्याकडे माणसं काढत होत्या, आणि इथल्या धारेला होडी टिकेल असं कोणी म्हणत नव्हतं. सकाळी कारभारीची लघवी लाल झाली, तेव्हा प्रेरणाने फोनवर स्पष्ट सांगितलं, की आता नुसतं औषध येऊन भागणार नाही, किडनी धुण्याची सोय असलेल्या दवाखान्यात माणूस आजच पोचला पाहिजे.

तलाठी धम्मरत्न पिकांचे पंचनामे करायला आला होता आणि पुरामुळे गावातच अडकला होता. त्याने तहसीलदारांना फोन केला, तहसीलदारांनी जिल्हाधिकाऱ्यांना, तिथून फोन मुंबईला गेला. हेलिकॉप्टर येणार असं नक्की झालं आणि इथे पेशंट अडून बसला.

"काका, तुम्हाला काही द्यायचं नाही," धम्मरत्न म्हणाला. "पूर आहे. रस्ता बंद आहे. अशा वेळी जिल्हाधिकारी मागणी करतात, सरकार हेलिकॉप्टर पाठवतं, अन् खर्च आपत्तीच्या निधीतून जातो."

"अन् पूर नसता तं?"

"तर अॅम्ब्युलन्सनं गेले असते. फुकट."

"नाही, म्या हेच इमान बलावलं असतं तं?"

"मग खाजगी कंपनी. तासावर भाडं. तिकडून निघाल्यापासून परत तिकडे पोचेपर्यंतचं. तेपण आधी भरा, मग पंखा फिरतो."

कारभारीने डोळे मिटून हिशोब लावला असावा. "म्हंजे पूर हाय तोपर्यंत मी साहेब," तो म्हणाला, "अन् पूर वसरला की पुन्हा कारभारी."

"तसंच समजा."

"मंग लवकर बलावा ना बाप्पा! पाणी उतरून राह्यलं असन."

खाटेभोवतीचे लोक हसले. दाराशी चहाची किटली घेऊन उभी असलेली संजीवनीही हसली. तिचं आणि कारभारीचं वावर बांधाला बांध लागून होतं, आणि गेली कित्येक वर्षं दोघांचं एका गोष्टीवरून पटत नव्हतं. पण आज सकाळी पहिला चहा तिच्याच घरून आला होता.

धम्मरत्नचा फोन पुन्हा वाजला. तो ओसरीत जाऊन बोलला आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"उतरायला जागा विचारत आहेत. सपाट, कडक. जवळ तारा नकोत, झाडं नकोत. शाळेचं मैदान कसं आहे?"

"मैदानावरून मोठी लाइन गेली," कोणीतरी म्हणालं.

"गावठाणाखालची पड जमीन?"

"काळी माती साहेब. बैल रुतून राह्यले तिथं. इमान कसं निघन?"

जागा सगळ्यांना माहीत होती. नाव घ्यायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. शेवटी ते संजीवनीच्या नवऱ्यालाच घ्यावं लागलं.

"आमच्या नेटजवळ बरड हाय," शालिग्राम म्हणाला. "मुरूम टाकेल. टेम्पो फिरते तिथं."

"नेट म्हणजे शेडनेट? किती जवळ?"

"लागूनच."

धम्मरत्नने फोनवर तेच सांगितलं. पलीकडचं ऐकताना तो संजीवनीकडे पाहत होता. फोन खाली घेऊन म्हणाला, "ते म्हणतात, जागा चालेल. पण जाळी नको. पंख्याच्या वाऱ्यानं जाळी सुटली अन् पंख्यात गेली, तर सगळेच मेले. जाळी पूर्ण उतरवून, गुंडाळून, बांधून ठेवली असेल तरच उतरतील."

संजीवनीने किटली खाली ठेवली.

*

दाभेखेडमध्ये शेडनेट बऱ्याच जणांनी उभारली होती. मिरचीचं संकरित बी तयार करायचं काम कंपन्या शेतकऱ्यांना देतात. मादी जातीची रोपं जाळीत, नर जातीची रोपं शेजारच्या तुकड्यात. उद्या उमलणारी कळी आज चिमट्याने उघडायची, तिच्यातले नर-केसर एकेक करून काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला नर झाडाचे पराग बोटाने लावायचे. लावलेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधायचा. दोरा असलेल्या मिरचीचंच बी धरायचं. बाकी सगळ्या मिरच्या तोडून टाकायच्या. जाळी एवढ्यासाठीच, की बाहेरची मधमाशी आत येऊ नये आणि दुसऱ्या कोणत्या मिरचीचे पराग या फुलांवर पडू नयेत. पडले, तर बी दिसायला तेच राहतं. दगा कळतो तो पुढच्या वर्षी, ते बी पेरणाऱ्या माणसाच्या वावरात.

संजीवनी हे काम लग्नानंतर शिकली होती, आधी दुसऱ्याच्या जाळीत मजुरीने आणि मग स्वतःच्या. तिच्या जाळीत शिरताना बायकांना केस बांधून, हात धुऊन, लुगड्याचा पदर झटकून यावं लागे. "लग्नाले चाललो का मिरचीत?" असं तिच्याकडे कामाला येणारी सुवर्णा दर वर्षी विचारी. संजीवनी दर वर्षी तेच उत्तर देई: "लग्नाले अशीच ये, मले काय करायचं? इथं नीट ये." दर आठवड्याला ती दोऱ्याचा रंग बदलत असे. आधी पांढरा, मग हिरवा. हा आठवडा पिवळ्याचा होता. या आठवड्यात झाड फुलांनी लदलेलं असतं. सगळ्या हंगामातलं निम्मं बी एका पिवळ्यात येई.

कंपनी प्रत्येकाच्या बियाचा नमुना नेऊन लावून बघते. संजीवनीचं बी त्या चाचणीत कधीच फेल गेलं नव्हतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचा लोकांना जितका अभिमान होता तितकाच कंटाळाही होता. "तुह्या जाळीत माशी जाताना पास मांगते म्हणे," असं तिला कारभारीने एकदा भर चौकात ऐकवलं होतं.

कारभारीचं वावर तिच्या जाळीच्या पश्चिमेला होतं. तिथे तो दर वर्षी गावरान मिरची लावायचा. संजीवनीने त्याला सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, बियाणं देते म्हणाली, तूर लाव, काहीही लाव. त्याचं उत्तर ठरलेलं. "माह्या वावरात मी काय लावू थे मलेच ठरवू दे, वयनी. तुले जाळी हाय. मले जीभ हाय."

आणि आता त्याच माणसासाठी जाळी उतरवायची होती. वारा पश्चिमेचा होता.

*

शालिग्राम तिला ओसरीत घेऊन आला.

"हप्ताभरानं आलं असतं तं काही नव्हतं," तो हळू म्हणाला. "आता पिवळा चालू हाय."

"मले माहीत नाही काय?"

"म्या जागेचं नाव घेतलं. पण जाळीचं हे मले ठाऊक नव्हतं."

"तुमी नसतं घेतलं तं म्या घेतलं असतं," संजीवनी म्हणाली. उपकेंद्राच्या ओसरीतून बरड दिसत होतं. जाळीचा हिरवा चौकोन, त्याच्या पलीकडे नदीचं मातकट पाणी. आत खाटेवरून कारभारी विचारत होता, "कुठी गेले सगळे? का बाजार भरला?" त्याचा आवाज सकाळपेक्षा बारीक झाला होता.

ती आत गेली.

"कात्र्या लागतीन," ती म्हणाली. "घरोघरच्या. नाडे सोडत बसलं तं संध्याकाळ होईन."

"वयनी," कारभारी म्हणाला. त्याला आत्ता कुठे कळलं होतं. "तुही जाळी?"

"पडून राहा ना बे गुमान!" ती म्हणाली. एरवी ती त्याला भाऊजी म्हणे, पण त्या वेळी तोंडातून 'बे' आलं.

अख्खं गाव बरडावर आलं. कोणी कात्री आणली होती, कोणी विळा, न्हाव्याने वस्तरा आणला. पण जाळीला हात लावायला कोणी पुढे होईना. पहिला नाडा संजीवनीने कापला. जाळीचा कोपरा खाली लोंबला आणि आतल्या झाडांवर सरळ ऊन पडलं. मग मात्र कोणी थांबलं नाही. मुलांनी पाइपांवर चढून नाडा हाती लागेना तिथे जाळीच कापली, बायकांनी खालून ओढलं, पुरुषांनी गुंडाळ्या करून त्यावर दगड ठेवले. सुवर्णा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत पळत ओरडत होती, "झाडावर पाय नका देऊ! दोरा दिसत नाही काय तुमाले? पिवळा दोरा!"

"आता दोऱ्याचं काय घेऊन बसली बाई," एक जण म्हणाला.

"तुह्या बापानं बांधला काय?"

जाळी उतरली तेव्हा झाडं एकदम लहान दिसायला लागली. पांढऱ्या फुलांनी भरलेली होती. पहिली मधमाशी किती लवकर आली ते संजीवनीने पाहिलं आणि मान फिरवली.

हेलिकॉप्टर मोताळ्याच्या बाजूने आलं. आधी आवाज, मग नदीवर सावली. एकदा गावाला फेरी घालून ते बरडावर उतरायला लागलं तसे मुरमाचे बारीक खडे उडाले, लोकांनी डोळे झाकले, बायकांनी पदर धरले. दाभेखेडला हेलिकॉप्टर यापूर्वी फक्त निवडणुकीत वरून जाताना दिसलं होतं. सवयीने कोणाच्या तरी तोंडून "विजय असो" निघून गेलं आणि दोन-चार जणांनी त्याला साथही दिली. उपसरपंच नारळ घेऊन आला होता. तो कोणाला द्यायचा हे न कळल्याने त्याने तो पोटाशी धरून ठेवला.

मिरचीची झाडं जमिनीला टेकली. पांढरी फुलं उडून हेलिकॉप्टरच्या काचेवर जाऊन आदळली. पश्चिमेकडून कारभारीच्या गावरान मिरचीवरून तोच वारा फिरून परत येत होता, आणि त्यात काय काय मिसळलं असेल ते पाहायला कोणाचे डोळे पुरले नसते.

आतून दोन माणसं उतरली. एकाच्या हातात औषधाची पेटी होती. त्यांनी खाटेसकट बरडावर आणलेल्या कारभारीला स्ट्रेचरवर घेतलं, तिथेच सुई लावली. प्रेरणाने कानात ओरडून सगळं सांगितलं. कारभारीची बायको रुखमाबाई सोबत चढली. तिने आयुष्यात रेल्वेसुद्धा मलकापूरहून भुसावळपर्यंतच पाहिली होती, पण ती चढली ती मागे न पाहता, पदर खोचून, एस.टी.त चढावं तशी.

हेलिकॉप्टर उठलं, वळलं आणि अकोल्याकडे गेलं. आवाज विरल्यावर नदीचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

"चाला," संजीवनी म्हणाली. "बांधा पुन्हा."

*

जाळी बांधून व्हायला दोन दिवस लागले, कारण कापलेली सगळी शिवावी लागली. तोपर्यंत पाणी उतरलं. पूल मोकळा झाला. अकोल्याहून खबर आली की कारभारीला औषध लागू पडलंय, किडनी दोनदा धुतली, आता जिवाला धोका नाही. गावात लोक एकमेकांना ती बातमी सांगत राहिले, ज्याला माहीत होती त्यालाही. मोताळ्याच्या बाजारात दाभेखेडचा माणूस दिसला की लोक त्याला थांबवून चहा पाजत आणि विचारत. प्रत्येक जण सांगताना जाळी आपणच कापली असं सांगे.

शालिग्रामने धम्मरत्नला गाठलं. "साहेब, पिकाचा पंचनामा?"

"पुरानं गेलं असतं तर लिहिलं असतं. वाऱ्यानं जाळी फाटली असती तरी लिहिलं असतं." धम्मरत्नला ते बोलायला जड जात होतं. "तुम्ही स्वतः उतरवली. त्याला रकाना नाही. मी खरं ते लिहून वर पाठवलंय. वरून विचारलं, हे कशात धरायचं? अजून त्यांचंही ठरलं नाही."

"म्हंजे इमानाचा किराया सरकारनं देल्ला, अन् इमानतळाचा आमी."

धम्मरत्न आवाज खाली आणून म्हणाला, "वाऱ्यानं फाटली असं लिहू का?"

"थे माह्या बायकोले इचारा," शालिग्राम म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला, "नका इचारू."

चौथ्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर ऋत्विक आला. चिखलीकडचा पोरगा, मोटरसायकलवर फिरून गावोगावच्या जाळ्या तपासायचा. त्याने बाहेरून शिवण पाहिली, आत येऊन झाडं पाहिली. वाकलेली झाडं पुन्हा उभी राहिली होती. बारीक बारीक मिरच्या धरल्या होत्या आणि त्यांच्या देठांना पिवळे दोरे होते.

"काकू, ऐकलं सगळं," तो म्हणाला. "ऑफिसात पण सांगितलं. सगळे म्हणाले, बाई मोठी आहे."

"पिवळ्याचं काय करायचं सांग."

"काय करायचं म्हणजे? छान धरलंय."

"जाळी दोन रोज उघडी होती. पश्चिमेचा वारा होता. कारभारी भाऊजीची मिरची अशी इथं हाय." तिने हात लांब करून दाखवलं, जणू त्याला दिसत नव्हती.

ऋत्विकने मागे वळून पाहिलं. जाळीत तिघंच होती. तिसरा शालिग्राम, खाली बसून ठिबकची नळी बघत होता.

"काकू, मी लिहिलं तर ते पिवळा दोरा काढून टाकायला लावतील. म्हणून मी लिहीतच नाही. मला काही दिसलं नाही. शंभरात दोन-चार झाडं इकडची तिकडं निघतील, नाहीतर निघणारही नाहीत. अन् तुमच्या बियावर कोण संशय घेतो? तुम्ही एका माणसाचा जीव वाचवला. एवढं तर आम्ही करूच शकतो."

तो मनापासून बोलत होता. संजीवनीलाही ते कळलं. तिने एका झाडाचं पान उलटून पाहिलं, पुन्हा सरळ केलं.

"हे बी कुठी जाते रे?"

"कुठेही. आंध्रात, कर्नाटकात. इकडंही."

"तिथली बाई इकत घेईन. रोप करीन. खत घालीन. अन् मंग शंभरातले चार झाडं गावरान निघतीन. ती कोणाले शिव्या देईन?"

"कंपनीला देईल, काकू. तुमचं नाव कुठे असतं पुडक्यावर?"

"तिले माहीत नाही म्हून काय झालं?" संजीवनी म्हणाली. "मले माहीत हाय ना."

"निम्मं बी जाईल."

"जाईन."

"काका, तुम्ही तरी सांगा," ऋत्विक शालिग्रामला म्हणाला.

शालिग्राम नळी हातातच धरून उठला. गेल्या तीन रात्री तो हेच बायकोला सांगत होता: कोणाले समजन, पोराचं कॉलेज हाय, जाळीचे तुकडे पुढच्या साली टिकणार नाहीत. आता त्याच्या बाजूने बोलणारा माणूसही मिळाला होता.

"मी काय सांगू," तो म्हणाला. "ती कळ्या काढते तवा मले सावलीसुद्धा पाडू देत नाही तिच्या हातावर." मग बाहेर गेला आणि दोन टोपल्या घेऊन परत आला. एक तिच्यापुढे ठेवली, एक स्वतः घेतली.

ऋत्विकने खिशातून पेन काढून तपासणीच्या कागदावर जाळी उघडल्याची तारीख लिहिली आणि पुढे 'पिवळा काढला' असं लिहून निघून गेला.

दुपारी सुवर्णा आणि बाकीच्या बायका आल्या. संजीवनीने त्यांना सांगितलं नव्हतं.

"काकू, आमीच बांधले, आता आमीच तोडायचे काय?" सुवर्णा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते लपवायला जास्तच मोठ्याने बोलत होती. "बोटं दुखली होती आमची. फुकट गेले थे दिवस?"

"तुमची मजुरी फुकट नाही गेली. थे देल्ली म्या."

"मजुरीचं कोण बोलून राह्यलं?"

"मंग तोड," संजीवनी म्हणाली. "पण एकही पिवळा ठेवजो नको. लपलेला असन तं झाड हलवून पाय. दया करू नको."

बायका ओळीत बसल्या. तोडलेली प्रत्येक मिरची बोटाएवढीही नव्हती. पांढऱ्या आणि हिरव्या दोऱ्याच्या मिरच्यांना धक्का न लावता मधली पिवळी तेवढी काढायची, म्हणजे बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग सुवर्णाने हेलिकॉप्टरवर चढणाऱ्या रुखमाबाईची नक्कल करून दाखवली, पदर खोचून, "जरा सरका ना बाप्पा, खिडकी मले पाह्यजे," आणि सगळ्या हसल्या, संजीवनीही हसली, पण तिचे हात थांबले नाहीत.

शेवटच्या ओळीनंतर ती पहिल्या ओळीपासून पुन्हा एकदा एकटी फिरली. शालिग्राम खड्डा खणून वाट पाहत होता. टोपल्या रिकाम्या झाल्यावर तिने दोऱ्याचं नवं बंडल सोडलं. लाल होतं.

*

कारभारी दिवाळीच्या आधी परत आला, अर्धा होऊन. अॅम्ब्युलन्स त्याला पुलापाशी सोडून गेली आणि तो तिथून चालतच निघाला, कोणाचा हात न धरता. गावाने त्याला चौकात बसवून सगळं पुन्हा एकदा विचारलं. वरून गाव कसं दिसतं, भीती वाटली का, पायलट मराठी बोलतो का. तो म्हणाला, "वरून मले काहीच नाही दिसलं. मी झोपेल होतो. रुखमीले इचारा, तिनं सगळं पायलं. तिच्या माहेराचं देऊळ दिसलं म्हणते."

संध्याकाळी तो बांधावर आला. संजीवनी जाळीच्या दाराशी होती.

"वयनी, पुढच्या साली मी मिरची नाही लावत," तो म्हणाला. जमिनीकडे पाहत होता. "तूर लावतो."

"काऊन?"

"काऊन काय काऊन. मले सगळं सांगितलं सुवर्णीनं."

"लावा ना मिरची, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या मिरचीचं मले काय भेव? मले जाळी हाय."

कारभारीने वर पाहिलं. ती हसत नव्हती. त्याला तिच्या चेहऱ्यावर दया किंवा उपकार असलं काही दिसेना, तेव्हा तोही नेहमीच्या आवाजावर आला. "मंग लावतोच," तो म्हणाला. "तिखट लावतो चांगली. तुमच्या कंपनीच्या मिरचीले ना चव ना ढव."

"चव घ्यायले नसतेच थे. बी घ्यायले असते."

"तेच तं म्हणून राह्यलो."

तो गेल्यावर शालिग्राम म्हणाला, "लावू द्यायची तूर. आयती चालून आली होती."

"त्यानं मरता मरता वाचून बसल्यावर देल्ली थे," ती म्हणाली. "तशी मले नाही पाह्यजे."

*

बी मोजून घ्यायचा दिवस थंडीत आला. मोताळ्याला गोदामापुढे आजूबाजूच्या गावांतले लोक पिशव्या घेऊन बसले होते. प्रत्येकाचं बी वजनाला लागे, ऋत्विक पिशवीत परखीची पोकळ नळी घालून नमुना काढी, पाकिटात भरी, वर नंबर टाकी. नमुन्याचा निकाल लागल्यावर पैसे.

संजीवनीचा नंबर आला. तिची पिशवी रांगेतल्या सगळ्या पिशव्यांहून लहान होती. मागच्या वर्षी शालिग्रामला ती टेम्पोतून आणावी लागली होती. या वर्षी तिने स्वतः काखेत आणली होती. पिंपळगाव राजाकडचा एक माणूस शेजारच्याला हळूच विचारताना तिला ऐकू आलं, "हेच का त्या इमानवाल्या बाई?" शेजाऱ्याने मान हलवली. रांगेतले दोघं उठून उभे राहिले, आणि उभं राहून काय करायचं ते न सुचल्याने तसेच राहिले.

ऋत्विकने वजन लिहिलं. पिशवीवर नंबर टाकला आणि ती सरळ आतल्या ढिगाकडे द्यायला उचलली.

"परखी?" संजीवनी म्हणाली.

"राहू द्या काकू. तुमचा कशाला नमुना? इथं सगळ्यांना माहीत आहे. मी माझ्या जबाबदारीवर पास लिहितो."

"काऊन? माह्या बियाले काय झालं?"

"काही झालं नाही, म्हणूनच तर. तुमच्यावर विश्वास आहे."

"विश्वास असू दे," ती म्हणाली. "परखी लाव. सगळ्यायले लावतं तशी."

ऋत्विकने पिशवी पुन्हा खाली ठेवली. संजीवनीने तोंडाची गाठ स्वतः सोडली आणि पिशवीचे काठ दोन्ही हातांनी धरले. परखी तळापर्यंत गेली आणि बियाने भरून वर आली. त्याने ती पाकिटात ओतली, पाकीट बंद केलं, नंबर टाकला आणि बाकीच्या पाकिटांमध्ये ठेवलं.

तिने सतरंजीवर सांडलेलं बी वेचून पिशवीत टाकलं, गाठ मारली, आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.